शांतिईच्या फाटकापर्यंत

अनारशांसाठी भिजत घातलेल्या तांदळाला तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो. घरभर नाही, ओट्याच्या एका कोपऱ्यातच. बाकीच्यांना त्या वासाने दिवाळी आठवत असेल. मला घोडी आठवते. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. आणि तिच्यामागोमाग फ्रान्समधलं एक गाव आठवतं, शर्यतीच्या घोड्यांचं, जिथे मी एका जूनमध्ये माझ्या वडिलांना घेऊन गेले होते.

इरा स्वयंपाकघरात येते आणि नाक मुरडते. "आई, समथिंग डाइड इन हिअर." माझी लेक इथेच जन्मली, टाकानिनीत. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच. "तांदूळ आहेत गं, मेलेलं काही नाही," मी म्हणते. ती खिडकी उघडते आणि ऑक्टोबरचा वारा आत येऊन पिठाची परात गार करून जातो. पृथ्वीच्या या दक्षिण टोकाला दिवाळी वसंतात येते. आकाशकंदील लावावा तर रात्री आठपर्यंत उजेड, आणि वाऱ्याने कंदिलाच्या झिरमिळ्या तिसऱ्याच घरच्या कुंपणात. तरी मी दरवर्षी सगळं साग्रसंगीत करते. चकली बिघडली तर बिघडली, अनारसे मात्र झालेच पाहिजेत. आणि त्यांना खसखस लागतेच. ती गाळावी असं दोनदा मनात आलं, दोन्ही वेळा मी ती दुप्पट लावली. मी काही फार प्रेमळ बाई नाही, हे आधीच सांगून टाकते.

खिडकीतून मागचं कुंपण दिसतं आणि कुंपणापलीकडे करड्या रंगाची नवी घरं, एकाला एक चिकटलेली. तीन वर्षांपूर्वी तिथे गवत होतं. टाकानिनी म्हणजे पूर्वी घोड्यांचा मुलूख. घोडे तयार करणारे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहायचे, पहाटे रस्त्यावरून घोडे चालवत न्यायचे. मग आमच्यासारखे आले, नव्या कोऱ्या घरांत, दोन गाड्या आणि एक तुळस घेऊन. घोडेवाले एकेक करत दक्षिणेला सरकले. आमच्यामागचा एक तेवढा राहिला होता. रॉन त्याचं नाव. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, उंच, वाकलेला, हिवाळ्यातही पायांत जँडल्स, म्हणजे रबरी चपला. एक कुरण, एक तबेला आणि दोन घोडे. त्यातला एक म्हातारा, नुसता सोबतीला ठेवलेला. दुसरी ती काळी.

माझे वडील, म्हणजे अण्णा, इथे राहायला आले ते आई गेल्यावर. आल्या आल्या त्यांनी आमचं घर पाहिलं आणि म्हणाले, "चांगलंय. हॉस्पिटल स्वच्छ ठेवलंयस." दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या अंगणातून मला त्यांचा आवाज आला. ते कुंपणाला कान लावून उभे होते. "डावा पुढचा पाय जरा राखून टाकतीय," ते म्हणाले. "कोण?" मी विचारलं. "अगं, घोडी! मागे घोडी आहे आणि तू मला सांगितलं नाहीस?" त्यांनी तिला अजून पाहिलंही नव्हतं.

अण्णांचा सगळा जन्म पुण्याच्या रेसकोर्सवर गेला. ते जॉकी नव्हते, ट्रेनर नव्हते. पहाटे घोडे सरावाला ट्रॅकवर उतरले की कठड्याशी स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि कोणता घोडा किती फर्लांग किती सेकंदांत पळाला ते लिहायचं, हे त्यांचं काम. अंधुक उजेडात पन्नास-साठ घोडे सुटायचे, कुणाच्या अंगावर नंबर नाही. अण्णा चालीवरून ओळखायचे, धुकं असलं तर टापांवरून. जुलैपासून पुण्याचा सीझन, दिवाळीनंतर घोडे मुंबईला. आमच्या घरातलं वर्ष त्यावर चालायचं. घोडे गेले की अण्णा चिडचिडे व्हायचे आणि घड्याळ आमच्यावर लावायचे. मी पाढे किती वेळात म्हणते, आई बाजारातून किती वेळात येते. मी रडायला लागले की तर हटकून. खिशातून घड्याळ काढायचं, टक्. माझं रडणं संपलं की पुन्हा टक्. "एक मिनिट चाळीस. हं, झालं? जा आता, तोंड धू." लोक म्हणायचे, काय गमत्या माणूस आहे. मला आठ वर्षांची असताना त्यांचा खून करावासा वाटायचा.

त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. कुणा घोडेमालकाने दिलेल्या कॅलेंडरवरचं. कॅलेंडरचं वर्ष संपून जमाना झाला तरी चित्र राहिलं. दाट झाडी, मधून सरळ गेलेली वाळूची वाट, आणि धुक्यातून एकामागून एक येणारे घोडे. खाली गावाचं नाव. अण्णा त्याला चँटिली म्हणायचे. "तिथे घोड्यांना राहायला राजवाडा आहे," ते सांगायचे. "माणसं बाहेर, घोडे राजवाड्यात." आईची साडी काढायला कपाट उघडलं की ते दोन मिनिटं तिथेच उभे. आई म्हणायची, "पाहून घ्या सवतीला." त्या गावाला फ्रेंच लोक शांतिई म्हणतात, हे मी त्यांना पुढे विमानात सांगितलं. ते म्हणाले, "म्हणू देत."

रॉनचं आणि त्यांचं एका आठवड्यात जमलं. दोघांनाही ऐकू कमी यायचं, त्यामुळे भांडण असो की कौतुक, आवाज एकच. रॉन रोज सकाळी कुंपणावरून इथला नमस्कार ओरडायचा, "किया ओरा, ॲना!" आणि माझे वडील, ज्यांना शेजाऱ्यांनी नुसतं 'अण्णा' म्हटलं तरी खपायचं नाही, ते त्या 'ॲना'वर खूश. कुंपणाची एक फळी दोघांनी मिळून काढली, मला न विचारता. अण्णा घोडीचं अंग चोळायचे, खूर साफ करायचे, आणि ती गवतावर पळाली की त्यांचं घड्याळ टक् टक् करायचं. तिचं शर्यतीचं नाव भलतंच लांब होतं. अण्णा तिला सखू म्हणायचे, मग रॉनही 'सॅकू' म्हणायला लागला. पुण्यात बिनकामाचा झालेला माझा बाप टाकानिनीत कामाला लागला होता. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. ते दिवसभर माझ्या पायांत यायचे नाहीत, हेही त्यात होतं.

आणि दिवाळी आली. आमच्या घरी एक रीत होती, रेसकोर्सवरच्या सगळ्याच घरांत असेल. फराळाचा पहिला घास घोड्याला. ज्याच्या टापांवर घर चालतं त्याच्या आधी आपण खायचं नाही. पुण्यात अण्णा भल्या पहाटे पुडी बांधून न्यायचे. इथे त्यांना पुडीचीही गरज नव्हती, फळी काढलेलीच होती. वसुबारसेला माझे अनारसे झाले, पहिले दोन सखूला. तिला ते इतके आवडले की रोज दोन, पहाटे रॉन तबेल्यात यायच्या आत, भाऊबीजेपर्यंत. तळहातावर धरायचे, ती ओठांनी उचलायची, आणि अण्णांच्या तळव्यावर खसखशीचे चार दाणे उरायचे. तेही ती चाटून घ्यायची. इराने त्याचा व्हिडिओ केला होता. तो अजून तिच्या फोनमध्ये आहे.

शनिवारी शर्यत होती आणि सखू जिंकली. सहा वर्षांत पहिल्यांदा. रॉन तिथल्या तिथे रडला. अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं." जिंकलेल्या घोड्याची लघवी तपासायला घेतात, तशी घेतली. कुणी लक्षही दिलं नाही.

डिसेंबरात रॉन कुंपणाशी आला, हातात कागद. घोडीच्या नमुन्यात मॉर्फीन सापडलं होतं. अगदी थोडं, पण सापडलं होतं. "मी आयुष्यात एकाही घोड्याला काही टोचलेलं नाही," तो मला म्हणाला. "तुझ्या वडिलांनी तिला काही दिलं होतं का गं? काहीही? सफरचंदसुद्धा?"

मी लॅबमध्ये काम करते. ट्रकवाले, क्रेनवाले यांच्या नोकरीआधीच्या ड्रग टेस्ट आमच्याकडे होतात आणि खसखस लावलेला पाव किंवा मफिन खाल्ला होता का, हे आम्हाला त्यांना विचारावं लागतं. खसखस अफूच्याच बोंडातली. चार दाण्यांनी माणसाला काही होत नाही, पण यंत्राला दिसतं. त्यामुळे रॉनने कागद पुढे केला तेव्हा मला एका सेकंदात सगळं कळलं होतं. अण्णांचा तळवा, चार दाणे, घोडीची जीभ.

"नो," मी म्हणाले. "ही वुडन्ट."

का? सांगते. अण्णांचा कायमचा व्हिसा अडकलेला होता. वर्षभर कागद जमवले होते, पुण्याच्या पोलिसांचा दाखला, छातीचे एक्स-रे, माझ्या पगाराच्या पावत्या. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांचं एक असतं बघा. कुठलाही सरकारी दिसणारा कागद आला की तो आपण दार लावून मगच वाचतो. दंड, समन्स, चौकशी, सगळं एकच, आणि सगळ्याचा शेवट विमानतळावर. त्यात हा शब्द मॉर्फीन. माझ्या डोळ्यांसमोर अण्णा एका टेबलासमोर उभे होते आणि पलीकडे कुणीतरी त्यांच्या फाइलवर शिक्का मारत होतं. कुणाला विचारलं नाही मी. वकिलाला नाही, कुणालाच नाही. स्वतःच्याच भीतीला विचारलं आणि तिने सांगितलं, गप्प बस.

अण्णांना मी काय सांगितलं? रॉनच्या घोडीच्या तपासणीत काहीतरी घोळ झालाय, एवढंच. ते भडकले. "लॅबवाले गाढव असतात," ते म्हणाले. लॅबवालीसमोर. "रॉन त्यातला नाही. मी सांगतो ना! मला बोलवा म्हणावं, मी सांगतो." आणि रॉनने खरंच बोलावलं. सुनावणी जूनमध्ये होती. त्याचं म्हणणं, रोज सकाळी मी तबेल्यात असतो, घोडीला कसं ठेवतो, हे बघणारा दुसरा माणूस कोण? ॲना. त्याने सांगितलं तर समिती ऐकेल. ट्रेनरचं लायसन्स गेलं तर, रॉन म्हणाला, माझ्या वयाला ते परत मिळत नाही. आणि लायसन्स नसेल तर घोडी कशाला आणि कुरण कशाला, बिल्डर तर रोज फोन करतोय.

अण्णांनी कपाटातून कोट काढला. इंग्रजीत काय बोलायचं त्याची वहीत तयारी सुरू केली. एकदा मी ती वही उघडली. पहिलं वाक्य होतं, मी घोडीसोबत रोज असतो. दुसरं होतं, ती काय खाते ते मला पूर्ण ठाऊक आहे. त्यांना कुणी विचारलं असतं, काय खाते, तर त्यांनी अनारशाची अख्खी कृती सांगितली असती. मान ताठ करून, तांदूळ तीन दिवस भिजवण्यापासून.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी म्हणाले, "अण्णा, चँटिलीला जायचं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. सत्तर ओलांडलेला माणूस, आणि चेहरा असा की मीच मान खाली घातली. "खरंच?" ते म्हणाले. "कधी?" मी म्हणाले, "जूनमध्ये. तेव्हा तिथला सीझन असतो." मग त्यांचा चेहरा उतरला. "जूनमध्ये रॉनचं काम आहे गं." आणि मी, भात वाढता वाढता, म्हणाले, "ते पुढे ढकललंय. ऑगस्टमध्ये गेलं. रॉन सांगायला विसरला असेल." रॉनला सांगितलं, वडिलांची तब्येत बरी नाही, हवापालटाला नेतेय, ते येऊ शकणार नाहीत. त्यांच्यापाशी हा विषयही काढू नकोस, मनाला लावून घेतील. रॉन म्हणाला, "नो वरीज, लव्ह. लुक आफ्टर हिम." दोन म्हाताऱ्यांना एका दिवसात गुंडाळलं मी. निघेपर्यंत अण्णांना मी फारसं कुंपणाकडे फिरकू दिलं नाही. गार आहे, थंडी बाधेल, विमानात खोकला नको. त्यांनीही ऐकलं. लहान मुलासारखे शहाणे झाले होते, सहल रद्द होऊ नये म्हणून.

आता शांतिईबद्दल. मला ते गाव वाईट निघायला हवं होतं. गर्दीचं, महागडं, फोटोत एक आणि समोर एक. तसं नव्हतं. पॅरिसहून ट्रेनने अर्ध्या तासात उतरलो, स्टेशनाबाहेर चाललो आणि समोर ते चित्रच होतं. रेसकोर्सचं हिरवं मैदान, आणि त्याच्या कडेला खरोखरचा राजवाडा, घोड्यांचा. अण्णा त्याच्या दारात थांबले आणि त्यांनी चपला काढल्या. "अण्णा, देऊळ नाहीये ते!" मी म्हणाले. "तुला काय कळतंय," ते म्हणाले. आजूबाजूचे लोक बघत होते. मीही काढल्या मग.

रोज पहाटे आम्ही जंगलात जायचो. उंच झाडं, ओल्या पानांचा वास, आणि मधून वाळूची रुंद वाट. आधी काही नाही. मग लांबून एक आवाज, वाळूत दबलेला, जमिनीतून पायांना कळणारा. मग धुक्यातून एक डोकं, दुसरं, तिसरं. घोड्यांच्या नाकांतून वाफा. पाठीवरची मुलं-मुली हळू आवाजात गप्पा मारत जायची, घोडे कान हलवत ऐकायचे. अण्णा घड्याळ हातात धरून उभे असायचे, पण पहिले दोन दिवस त्यांनी ते लावलंच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "राहू दे. इथे मोजायचं नाही." आमच्या घरात हे वाक्य कुणी ऐकलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं.

दुपारी आम्ही स्ट्रॉबेऱ्या खायचो, वर त्या गावाच्या नावाचं क्रीम. "साखर घातलेली साय," अण्णा म्हणाले, आणि दुसरी वाटी मागवली. मला हात धरून म्हणाले, "तुझी आई असायला हवी होती. सवतीचं घर पाहिलं असतं तिने." ते आईबद्दल कधी बोलायचे नाहीत. त्या पाच दिवसांत त्यांनी मला माझ्या अख्ख्या आयुष्यात सांगितलं नव्हतं एवढं सांगितलं. पाय मोडलेल्या घोड्याभोवती हिरवा पडदा कसा धरतात, आणि पडद्याआडून गोळीचा आवाज आला की घोडे सांभाळणारे साईस लोक कसे दुसरीकडे बघतात. "मी कधी दुसरीकडे बघितलं नाही," ते म्हणाले. "ज्याला पळताना बघितलं त्याला मरतानाही बघावं. नाहीतर मग बघूच नये." मी क्रीम चाटत होते. मला वाटलं, जमलं. अण्णा सुखात आहेत, तिकडे रॉनचं काय व्हायचं ते होईल, आपण घरी जाऊ तेव्हा सगळं मिटलेलं असेल. इतकं सुख त्यांना मीच दिलंय, असंही वाटलं. लाज वाटली नाही, हेच सांगायचंय मला.

सहाव्या दिवशी सकाळी, मंगळवार होता, जंगलातून परत येताना गल्लीत एका तबेल्याचं फाटक उघडं होतं. आत एक माणूस घोड्याच्या पायांवर पाणी मारत होता. मिशा बघून अण्णांनी सरळ हिंदीत हाक मारली, "कहाँ के हो भाई?" तो जोधपूरकडचा निघाला, बन्नेसिंग. तिथे सात वर्षं होता. पुण्याचा सीझनही त्याने केला होता. मग काय विचारता! दोघं फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहून तासभर घोड्यांची नावं घेत बसले. अण्णांच्या खिशात न्याहारीचा पाव होता. घोड्याने मान लांब केली तशी अण्णांनी पाव काढला.

"नहीं नहीं, साब!" बन्नेसिंगने त्यांचा हातच धरला. फाटकावर एक पाटी होती, चित्रांची. चॉकलेट, कॉफी, पाव, सगळ्यांवर लाल काट. "इस ब्रेड पर खसखस है. घोडा पकड़ा जाएगा."

अण्णा हसले. "खसखस से क्या होता है?"

"मॉर्फीन निकलता है टेस्ट में. चार दाने काफ़ी हैं. हमारे पुराने ट्रेनर का ऐसे ही लफड़ा हुआ था. पर साईस ने जाकर बता दिया कि गलती से खिलाया, तो छोड़ दिया."

अण्णा हातातल्या पावाकडे बघत राहिले. मग अंगठ्याने त्यांनी एक दाणा सुटा केला आणि तळहातावर घेतला. घोडा अजून मान लांब करून उभा होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि एकेक गोष्ट तिथे जुळताना मला दिसत होती. अनारसे. सखू. रॉनचा कागद. माझी लॅब. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू तर हेच काम करतेस," ते म्हणाले.

मी फाटकाचा गज धरला.

"रॉनला फोन लाव. आत्ता."

तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते. मी फोन लावून दिला, दुसरं काही सुचलंच नाही. रॉनचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता. "ॲना! हाउ आर यू, मेट? ऑल डन हिअर. दिस मॉर्निंग. दे टुक इट ऑफ मी. डोन्ट यू वरी. डू दे हॅव हेप्स ऑफ हॉर्सेस?" अण्णा म्हणाले, "येस, रॉन. हेप्स." फोन त्यांनी माझ्या हातात दिला, तो बंद करायलाही मलाच लावला.

"आज होतं ते," अण्णा म्हणाले. "ऑगस्टमध्ये नव्हतं. म्हणून आणलंस तू मला इथे."

तेव्हा मी रडायला लागले. व्हिसा, अण्णा, तुमच्यासाठी, तुम्हाला पाठवून दिलं असतं तर, असं काहीतरी बरळत, रस्त्यात, परक्या गावात, त्या फाटकाला धरून. बन्नेसिंग बिचारा नळ बंद करून आत निघून गेला. आणि मी रडता रडता ऐकलं. टक्.

मी वर पाहिलं. पाच दिवस न लावलेलं घड्याळ त्यांच्या हातात होतं. ते माझ्याकडे बघत होते, शांतपणे, ट्रॅकवर बघायचे तसे. मी थांबले. टक्.

"एक मिनिट चाळीस," अण्णा म्हणाले. "लहानपणीएवढंच." आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागले.

परत आलो त्या दिवशी बॅगा दारात टाकून ते मागे गेले. तबेल्यात एकटा म्हातारा घोडा होता. सखूचा तो डावा पाय सुजलेला, निकाल रद्द झालेला, आठ वर्षं वय, कुणी घेतली नव्हती. गुरुवारी ट्रक आला होता. निकामी घोड्यांना कसला ट्रक नेतो, ते अण्णांना विचारावं लागलं नाही. ते फळीच्या फटीतून पलीकडे गेले आणि त्यांनी रॉनला सगळं सांगितलं, अनारशाच्या कृतीसकट. मी फटीच्या अलीकडे उभी होते. रॉन हसला. हो, हसला! "पॉपी सीड्स? हे आधी सांगितलं असतंत तर मला टपली मारून सोडलं असतं त्यांनी." व्हिसाचं मीच मध्ये बोलले, तर तो म्हणाला, "व्हिसा? घोड्याला बिस्किट दिलं म्हणून?" आणि माझ्याकडे इतक्या कीवेने पाहिलं की शिवी परवडली असती.

मग त्याने अण्णांना विचारलं, "डिड शी लाइक देम?"

"व्हेरी मच," अण्णा म्हणाले.

"गुड," रॉन म्हणाला, "गुड," आणि बराच वेळ दुसरीकडे बघत राहिला. अण्णा मात्र त्याच्याकडेच बघत होते.

कुरण स्प्रिंगमध्ये विकलं गेलं आणि रॉन मुलीकडे राहायला गेला, लांब, लोअर हट नावाच्या गावी, तिच्या गॅरेजवरच्या खोलीत. अण्णांचा व्हिसा त्याआधीच, जुलैत, आला होता. साध्या ईमेलने, काही न विचारता. मला वाटलं होतं, अण्णा आता पुण्याला निघून जातील. गेले असते तर मी सुटले असते. ते राहिले. ओरडले नाहीत, अबोला धरला नाही, जेवायला वाढलं की "छान झालंय" म्हणतात. फक्त अनारसा खात नाहीत.

आणि आलेल्यागेलेल्याला शांतिईची गोष्ट सांगतात. माझ्या मुलीने मला चँटिली दाखवलं, अशी सुरुवात. जंगल, वाळू, धुक्यातून येणारी डोकी. टापांचा आवाज सोफ्याच्या हातावर वाजवून दाखवतात. राजवाड्यासमोर चपला काढल्या ते सांगतात, लोक हसतात. "आणि सहाव्या दिवशी आम्ही एका फाटकाशी आलो," ते म्हणतात. "फाटकावर एक पाटी होती." इथे ते थांबतात, पाण्याचा पेला खाली ठेवतात, उठतात. "पुढचं ही सांगेल." आणि आपल्या खोलीत जातात. दोन वर्षं हे चाललंय. मी म्हणते, पुढे काय, कॉफी प्यायलो आणि परत आलो, झालं. लोक पुन्हा हसतात.

मग त्या तांदळाचे अनारसे झाले आणि फराळाला माणसं आली, आमच्याच एस्टेटमधली तीन मराठी घरं. अण्णा रंगात आले, सोफ्याच्या हातावर टापा वाजल्या, फाटक आलं, पाटी आली. "पुढचं ही सांगेल," ते म्हणाले आणि गेले. मी कॉफीचं म्हणणार तेवढ्यात इरा, चहाचा ट्रे हातात धरून उभी होती ती, म्हणाली, "सांग ना, आई." मराठीत. इतकं स्वच्छ मराठी मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. अण्णांच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आतून आवाज आला. टक्.

मी ताट उचललं आणि पुढे केलं. "अनारसे घ्या ना," मी म्हणाले, "यंदा जाळी छान पडलीय."